पॅकबंद चालेल

“सगळं छान लिहिलंयस रे. फक्त ते जातीचं तेवढं काढून टाक.”

नीलिमाताई हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात अर्धी खाल्लेली बाकरवडी होती. सिंगापुरात बुकित तिमाहच्या त्यांच्या काँडोत, म्हणजे श्रीमंती सोसायटीत, तळमजल्यावर एक फंक्शन रूम आहे. तिथे आम्ही दहाबारा मराठी माणसं एसीच्या गारठ्यात बसलो होतो. पडद्यावर माझ्या आईचा फोटो. शेजारी मी लिहिलेला मजकूर. नीलिमाताईंनी लेझरचा लाल ठिपका एका ओळीवर आणून ठेवला. ‘दलित वस्तीतल्या बाईच्या हातचं शिजवलेलं आमच्या पोरांना नको, असं गल्लीतल्या आयांनी तोंडावर सांगितलं.’

“इथे ‘सुरुवातीला प्रतिसाद कमी होता’ असं घाल. अर्थ तोच.”

मी हो म्हणालो. नुसतं हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “थँक यू ताई, क्रिस्प होईल.”

क्रिस्प. आईच्या आयुष्याची मी कुरकुरीत चकती करायला निघालो होतो, वर आभार मानत होतो. मी कसल्या मातीचा माणूस आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

आता हे कसं झालं ते सांगतो. दोन हजार दहानंतरच्या वर्षांतली गोष्ट. शहरातल्या एका म्युझियममध्ये फोटोंचं प्रदर्शन आलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या बायकांचं. सिनेमातल्या, गाण्यातल्या बायका नव्हेत. वस्तीतल्या. कुणी चर्चच्या तळघरात शाळा चालवलेली, कुणी दारोदार फिरून लोकांची नावं मतदार म्हणून नोंदवलेली, कुणी रोज सकाळी गल्लीतल्या पोरांना खाऊ घातलेलं. दाराशीच भिंतभर अक्षरांत लिहिलं होतं की या काळ्या बायका आहेत आणि या आपल्या वस्तीच्या पुढारी आहेत.

मी तिथे मराठी फेरीचा स्वयंसेवक गाईड होतो. कलेच्या ओढीने नाही. त्या काळात आमच्यात एक समज होता की समाजसेवा दाखवली की पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, लवकर मिळतं. कुणी रक्त देत होतं, कुणी समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा वेचत होतं. मला सुई आणि ऊन दोन्ही सहन होत नाहीत, म्हणून मी म्युझियम धरलं.

पहिल्या रविवारी आमच्या मराठी मंडळाला घेऊन गेलो. एका फोटोपाशी सगळे थबकले. दणकट बांध्याची एक बाई, समोर भलं मोठं पातेलं, हातात डाव, पुढे पोरांची रांग. नीलिमाताईंनी टिश्यूने डोळे टिपले. “किती सोसलं असेल गं या बायकांनी. निव्वळ कातडीच्या रंगावरून.” त्यांचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणतात आणि जे तांजोंग पगारच्या एका बँकेत बरेच वर बसतात, ते म्हणाले, “हे गोरे लोक वरून गोड. आतून असे.” मग सगळ्यांनी त्या बाईसमोर उभं राहून ग्रुप फोटो काढला. काढायला मोबाइल माझ्या हातात दिला. त्यामुळे त्या फोटोत मी नाही. हेसुद्धा मला तेव्हा सहज वाटलं.

म्युझियमने शहरातल्या निरनिराळ्या समाजांना एकेक पॅनेल दिलं होतं. तुमच्यातल्या अशा बायका मांडा म्हणून. आमच्या मंडळाने तीन बायका चुटकीसरशी काढल्या. एक नीलिमाताईंच्या आजी, ज्यांनी गरीब घरच्या मुलींना ओसरीवर बसवून शिवणकाम शिकवलं. ओसरीवर. आत नाही. ते वाक्य मात्र कुणी काढायला सांगितलं नाही. दुसऱ्या दादांच्या डॉक्टर आत्या. तिसरी, सिंगापुरात रविवारची मराठी शाळा सुरू करणारी बाई, म्हणजे खुद्द नीलिमाताई. मग कुणीतरी म्हणालं, तळागाळातली एक पाहिजे, बॅलन्ससाठी. माझा हात माझ्या आधी वर गेला. ही माझी जुनी खोड. ऑफिसातही कुठलं टेस्टिंग कोण करणार म्हटलं की हात वर.

आई तेव्हा आमच्याकडेच आली होती, जुरोंग ईस्टच्या भाड्याच्या फ्लॅटवर. पुण्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी ती अंगणवाडी चालवायची. अंगणवाडी आमच्या वस्तीच्या तोंडाशी आणि पलीकडे पाटलांची, वाण्यांची, बामणांची गल्ली. तिथल्या बायका तांदूळ, डाळ घरी न्यायला पिशव्या घेऊन यायच्या. आईने शिजवलेल्या पातेल्याकडे बघायच्या नाहीत. “कच्चं द्या बाई, शिजवलेलं नको.” आई म्हणायची, “मिळेल ते शिजवलेलंच. इथे बसून.” तक्रारी झाल्या. साहेब आले. बदलीची धमकी आली. आई रोज दार उघडं टाकून शिजवत राहिली, वास गल्लीभर जाईल असं. हळूहळू काही पोरं आली. आपल्या आयांना चुकवून आली. पुढे गल्लीतल्याच चार बायका आईबरोबर उभ्या राहिल्या आणि साहेबांना परत जावं लागलं.

मी तिला विचारलं होतं, “मग शेवटी सगळी पोरं आली ना?”

“सगळी कशी येतील. काही आलीच नाहीत. त्यांची पोरं झाली, तीपण येत नाहीत.”

हे मी पॅनेलसाठी लिहिलं होतं. नीलिमाताईंच्या ठिपक्याखाली जे आलं ते हे.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पॅनेलांच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी म्युझियममधली फेरी झाली की सगळ्यांनी त्यांच्या फंक्शन रूममध्ये जेवायचं, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, असं ठरलं होतं. माझे हात कणकेत होते, म्हणून फोन स्पीकरवर. आई ओट्याशी मटार सोलत होती.

“आणि तुम्ही नेहमीप्रमाणे प्लेटा, ग्लास, बर्फ. प्रज्ञाला त्रास नको, बिचारी दिवसभर लॅबमध्ये असते. मावशी बऱ्या आहेत ना?”

प्रज्ञा माझी बायको. मावशी म्हणजे माझी आई. मंडळात कुणाचीही आई भारतातून आली की ती काकू होते. माझी आई आल्या दिवसापासून मावशी. नीलिमाताईंच्या पुण्याच्या घरी ज्या भांडी घासायला येतात, त्याही मावशीच.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, “नेहमीप्रमाणे म्हणजे?”

मी छाती फुगवून सांगितलं. गणपती असो, दिवाळी असो, प्लेटांचं खातं माझ्याकडे. दादा मला प्लेटमंत्री म्हणतात. कागदी प्लेट वरणाने लुळी पडते म्हणून मी उसाच्या चोथ्याच्या शोधून काढल्या. संक्रांतीला काळ्या आणल्या होत्या, खास. सगळ्यांनी कौतुक केलं.

माझी सात वर्षांची मुलगी सोफ्यावरून इथल्या इंग्रजीत म्हणाली, “आजी, वी ऑल्वेज ब्रिंग प्लेट्स. सो बोरिंग लाह.”

आईचे हात थांबले. “किती वर्षं?”

“दोन.”

“आणि प्रज्ञाने केलेलं काही कधी नेलंत?”

“ती लॅबमध्ये असते ना.”

“बाकीच्या बायका काय झोपाळ्यावर असतात?”

मी म्हणालो, “आई, हे सिंगापूर आहे. इथे असलं कुणी बघत नाही.” हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणालो की आता आठवलं तरी कान गरम होतात. आई म्हणाली, “बरं. मग फोन लाव. सांग, आई खिचडी करणार आहे.”

मी लावला, स्पीकरवरच.

“ताई, या वेळी आई खिचडी करणार म्हणतेय. पन्नास जणांची तिला सवय आहे.”

“अरे, मावशींना कशाला दगदग. आणि मेनू लॉक झालाय.”

“मग कोशिंबीर?”

“कोशिंबीर झालीय.”

“गोड काही?”

“हे बघ, अगदीच काही आणायचं असेल तर खजूर आण, वेफर्स आण. पॅकबंद चालेल.”

आईने मान वर केली नाही. मटाराची शेंग फोडत म्हणाली, “कच्चं द्या, शिजवलेलं नको. बायका शिकल्या. वाक्य तेवढं सुधारलं.”

मी उभा होतो, हातांना कणीक. दोन वर्षांचे सगळे सण डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक सणात मी हसत, दोन्ही हातांत पिशव्या. प्रज्ञा रात्री आली तेव्हा तिला सांगितलं. तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, “मला पहिल्या गणपतीलाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू प्लेटांचा रंग रांगोळीशी जुळवत होतास. मी म्हटलं, साहेबांना कधीतरी स्वतःचं स्वतः दिसू दे.”

पॅनेलची शेवटची बैठक पुन्हा त्याच फंक्शन रूममध्ये. मी ती ओळ परत घातली होती, जशीच्या तशी. लाल ठिपका पुन्हा आला.

“हे काढायचं ठरलं होतं ना?”

“ठरलं होतं. पण काढणार नाही.”

“अरे, बाहेरच्या लोकांपुढे आपली धुणी कशाला धुवायची?”

“त्या बायकांची धुणी बघताना आपण टिश्यू वापरले, ताई.”

दादांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समजूतदारपणा सुरू होतो. “तुलना चुकतेय. तिथे कातडीचा रंग होता, तो लपत नाही. आपलं वेगळं आहे. आणि इथे आम्ही कुणी तुला कधी जात विचारली?”

“नाही. कुलदैवत विचारलं होतं.”

खरंच विचारलं होतं. पहिल्याच चहाला, बिस्किटं पुढे करत. मी म्हणालो होतो, आमच्याकडे बुद्धवंदना असते. अगदी आनंदाने. त्यानंतरच्या पहिल्याच सणाला प्लेटा माझ्याकडे आल्या.

“इतका कडवटपणा बरा नव्हे,” नीलिमाताई म्हणाल्या. “प्रत्येक कार्यक्रमाला तुम्हाला बोलावतो.”

“प्लेटा घेऊन.”

कुणीतरी खोकलं. मग तोडगा निघाला. मराठी माणसांत तोडगा निघतो तेव्हा समजावं की कुणाला तरी तोडलं. “तीनच बायका ठेवू,” दादा म्हणाले. “लेआउटही मोकळा दिसेल.” हात वर झाले. सवयीने माझाही हात निघाला होता. मी तो दुसऱ्या हाताने धरला. जाताना दारात म्हणालो, “या वेळी प्लेटा मी आणणार नाही.” कुणी लक्ष दिलं नाही. प्लेटांचं कोण ऐकतं.

म्युझियमच्या संयोजक मुलीला जाऊन सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “अंकल, युअर कम्युनिटी पॅनेल, युअर कम्युनिटी डिसाइड लाह.” तिच्या दृष्टीने माझी कम्युनिटी म्हणजे नीलिमाताई. आणि मी अंकल. दोन्ही जिव्हारी लागलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी जाकीट घातलं होतं. सिंगापुरात जाकीट घालणारा एकतर मूर्ख असतो किंवा बँकवाला. मी बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे मधलाच. मराठी फेरीचा गाईड मीच होतो, आधीच ठरलेला. सगळं मंडळ मागे. आईही होती, निळ्या पातळात, खांबाला टेकून, शेजारी प्रज्ञा आणि मुलगी. पातेल्याच्या बाईपाशी आलो. नेहमीची माहिती पाठ होती. ती माझ्या तोंडून निघाली नाही.

“ही बाई तुम्हाला आवडते,” मी म्हणालो. “लांबची आहे म्हणून आवडते. हिला आता तुमच्या घरी जेवायला यायचं नाही. अशीच एक इथे खांबाशी उभी आहे. तीही पोरांना शिजवून घालायची. ती दलित आहे आणि तिच्या हातचं नको म्हणणाऱ्या आया तुमच्या-माझ्या भाषेत बोलायच्या. ती खिचडी शिजवायची आणि...”

“खिचडी सोमवारी,” आई खांबापासून म्हणाली. “मंगळवारी उसळ.”

“मंगळवारी उसळ,” मी म्हणालो. “तिला तुम्ही भिंतीवर येऊ दिलं नाहीत. लेआउटसाठी. म्हणून तोंडाने सांगतोय. आणि मागच्या आठवड्यात फोनवर मला सांगितलं गेलं, पॅकबंद चालेल.”

काही जण फोटोखालची माहिती वाचू लागले. काही आठवड्यांपूर्वी वाचलेलीच. नीलिमाताई सगळ्यांत आधी सावरल्या. त्या हसल्या. त्या हसण्यात क्षमा होती, माझ्यासाठी. “झालं ना मन मोकळं? चला, आता सगळे जेवायला. मावशी, तुम्हीपण यायचंच हं. आमच्याकडे असलं काही नसतं.”

मला घरी जायचं होतं. आई म्हणाली, “जाऊ की. असलं काही नसतं ते कसं दिसतं, मला बघायचंय.”

फंक्शन रूममध्ये टेबलं लागली होती. मसालेभात, अळूवडी, पुरणपोळ्या, दोन कोशिंबिरी. वाफा निघत होत्या. झाकणं उघडली, डाव आत पडले, आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. ताट कुणाच्याच हातात नव्हतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“आणल्या नाहीत,” मी म्हणालो. “सांगितलं होतं.”

नीलिमाताईंचं घर त्याच इमारतीत, सहाव्या मजल्यावर. तिथे काचेच्या कपाटात निळ्या किनारीचा डिनर सेट आहे. प्रत्येक नव्या माणसाला तो दाखवतात. शिवाय स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटांची चवड, पन्नास माणसांना पुरेल अशी. नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती, तिला मंडळाच्या रीती माहीत नव्हत्या. ती भाबडेपणाने म्हणाली, “ताई, वरून तुमची ताटं आणू का? लिफ्ट आहे, दोन फेऱ्यांत होईल.”

नीलिमाताईंनी आईकडे पाहिलं. मग प्रज्ञाकडे. मग माझ्या मुलीकडे, जी बोट चोखत पुरणपोळीकडे बघत उभी होती. त्या मुलीच्या तोंडाकडे.

“नको नको,” त्या म्हणाल्या. “अहो, तुम्ही जाता का जरा? सुपरमार्केटमध्ये कागदी मिळतील.”

दादा गेले. बँकेत इतके वर बसणारे दादा, घाम पुसत, कागदी प्लेटा आणायला. आम्ही सगळे उभे. भात निवत होता. लिफ्टचं दार समोर दिसत होतं, रिकामं. एकही माणूस म्हणाला नाही की ताटं आणू. सगळ्यांना कळलं होतं. त्यांना आधीपासूनच कळत होतं. न कळणारा तिथे मी एकटाच होतो, आणि ती नवी मुलगी.

तोवर मला वाटत होतं, त्यांना आमच्या हातच्या अन्नाची अडचण आहे. त्या उभ्या वेळात कळलं, आमच्या तोंडाचीही आहे. आमच्या ओठाला लागलेलं ताट घासून पुसून त्यांच्या कपाटात परत जायला नको. म्हणून कागदी. एकदा वापरायचं, फेकायचं, विषय संपला. आणि तो कागद पुरवायचं कामही आमच्याच गळ्यात. इतकी नेटकी व्यवस्था. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणाला बाहेर बसवलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. आणि मी त्या व्यवस्थेची रंगसंगती बघत होतो.

आई नीलिमाताईंसमोर गेली. तिने आवाज चढवला नाही, पण अंगणवाडीतला आवाज होता तो. मागच्या रांगेपर्यंत जाणारा.

“बाई, कागदाची वाट कशाला बघता. आम्ही निघतो. मग तुम्हाला वरची ताटं काढता येतील.”

नीलिमाताईंचं तोंड उघडलं. “मावशी, तुमचा गैरसमज...”

“मावशी नका म्हणू. मी तुमच्याकडे कामाला नाही.”

आम्ही चौघं निघालो. दारात दादा भेटले, हातात प्लेटांचे गठ्ठे. त्यांनी सवयीने ते माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत. दादा तसेच उभे राहिले, हात पुढे.

प्रदर्शन आणखी काही आठवडे होतं. दर रविवारी मराठी फेरीसाठी मी नाव दिलं. विद्यापीठातली पोरंपोरी यायची, एखादं नवं जोडपं यायचं. पातेल्याच्या बाईपाशी थांबून मी आईचं सांगायचो, फंक्शन रूममधलंही सांगायचो. एका मुलाने विचारलं, “पण सर, हे पर्सनल नाही का?” मी म्हणालो, “हो. भिंतीवरच्या सगळ्या बायकांचंही पर्सनलच होतं.” मग तक्रार गेली. कुणी केली ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. संयोजक मुलगी ओशाळून म्हणाली की ठरलेल्या माहितीबाहेर जाऊ नका, तेवढी एक गोष्ट वगळा, बाकी तुम्ही छानच करता. तेवढी एक गोष्ट. मी गळ्यातला बिल्ला काढून तिच्या टेबलावर ठेवला. या वेळी थँक यू म्हणालो नाही.

पीआर मिळालं नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही. मंडळात मात्र असं पसरलं की माझा स्वभाव विचित्र झालाय. आई आली आणि घर बिघडवून गेली. ते म्हणू देत. नीलिमाताईंचं पॅनेल नंतर मंडळाच्या कार्यक्रमांत मिरवलं, तीन बायकांचं, मोकळ्या लेआउटचं. त्यांनी त्या रिकाम्या जागेत खुशाल रांगोळी काढावी.

कुणाच्या भिंतीवर मला जागा मागायची नाही. कुणाच्या टेबलाला माणूस कमी पडला म्हणून जायचं नाही. माझ्या मुलीला मी सगळं सांगितलंय, गल्लीच्या आणि आमच्या वस्तीच्या नावासकट, आणि तिला बजावलंय की तुला कुणी कुलदैवत विचारलं तर जात सांग, त्यांचा वेळ वाचेल. जिथे उभा राहीन तिथे हे बोलेन. ऑफिसात, लग्नात, बारशात, पानात वाढून झालं असेल तरी. शब्द वगळणार नाही, मऊ करणार नाही. ऐकताना कुणाचा घास घशात अडकला, तर पाणी त्याचं त्याने बघावं.